विकीच्या पोटात गिट: प्रकल्प नोंदी

८ जून २०२४, शनिवार

नोंदी ठेवतोय कारण मागच्या वेळी असंच काहीतरी जुळवून ठेवलं होतं आणि सहा महिन्यांनी माझं मलाच कळेना की हे असं का केलंय.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा विकी आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून पानं लिहायची साइट, २०१३ पासून डोकुविकी नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतोय. पुण्याच्या आसपासचे गड, वाटा, कुठे मुक्काम करता येतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याची टाकी. कुठलं पाणी पिण्यासारखं, कुठलं फक्त हात धुवायला, कुठे शेवाळ. चारशेच्या आसपास पानं आहेत. सिंहगड रोडला काकांच्या ऑफिसात तळमजल्यावर एक जुना डेस्कटॉप पडून होता त्याच्यावर सगळं चालतं. काका म्हणजे माझे सख्खे काका नाहीत, ग्रुपचे काका.

मागच्या आठवड्यात काकांनी सहज विचारलं की अरे, सिंहगडावर देवटाक्याचं पाणी गेल्या पाच मे महिन्यांत कसं होतं ते एकत्र बघता येईल का. सरळ प्रश्न आहे. माहिती विकीत आहेच, कारण दर रविवारी कोणीतरी जाऊन येतं आणि पान बदलतं, म्हणजे पानाची हिस्टरी हाच खरा डेटा आहे, आजचं पान म्हणजे फक्त शेवटची ओळ. पण बघायचं तर एकेक जुनी आवृत्ती क्लिक करून उघडा आणि वहीत लिहून घ्या. तेव्हा डोक्यात आलं की हे सगळं गिटमधे का नाही, गिट म्हणजे फाइलींचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम.

नवीन कल्पना वगैरे अजिबात नाही. वॉर्ड कनिंगहॅमनी पहिला विकी १९९५ साली सुरू केला, आणि १९९८ मधे आलेला टीविकी पानांच्या आवृत्त्या आरसीएसमधे ठेवायचा, जे गिटसारखंच आवृत्त्या जपणारं पण मुळात १९८२ सालचं आहे. मग २००६ ला जोई हेसचं इकिविकी आलं, ते आधी सबव्हर्जनवर (तेही गिटच्याच जातीचं) आणि मग गिटवर. हॅस्केलमधलं गिटिट आहे, गिटहबवाल्यांचं गॉलम आहे. गॉलम लावून बघितलं, चांगलं आहे, पण आमची सगळी पानं डोकुविकीच्या सिंटॅक्समधे, लॉगिन वेगळं, आणि मला रुबी येत नाही. शेवटी पायथनमधे छोटंसं स्वतःचंच लिहायचं ठरवलं. हे शहाणपणाचं आहे का माहीत नाही पण जूनमधे गडावर जायला चिखल, घरी बसून हेच करू.

९ जून, रविवार

पहिली आवृत्ती अर्ध्या दिवसात झाली. साधा रेपो, म्हणजे गिटचं कोठार, प्रत्येक पान एक टेक्स्ट फाइल, सेव्ह दाबलं की फाइल लिहायची, गिट ॲड, गिट कमिट म्हणजे बदलाची पक्की नोंद, झालं. लेखकाचं नाव विकीच्या लॉगिनवरून. ईमेल सगळ्यांचे माझ्याकडे नाहीत आणि ते कमिटमधे जाऊही नयेत म्हणून युझरनेम आणि पुढे एक खोटं डोमेन. कमिटर मात्र कायम विकी स्वतः. गिटमधे लिहिणारा आणि कमिट करणारा ही दोन वेगळी खाती असतात हे पहिल्यांदाच कामाला आलं.

काकांना दाखवलं. ते म्हणाले, दिसायला तर सारखंच आहे की. म्हटलं काका, तेच तर पाहिजे.

१३ जून, गुरुवार

गुरुवार म्हणजे लाइट जाणार. मी विसरलो, काका विसरले, आणि यूपीएसची बॅटरी तर बिचारी कधीचीच गेलेली. नेमकं त्याच वेळी कोणीतरी राजगडाचं पान सेव्ह करत होतं. संध्याकाळी लाइट आली, मशीन चालू झालं, विकी उघडतोय, वाचता येतंय, पण सेव्ह काही होईना. इंडेक्स डॉट लॉक नावाची फाइल तशीच पडून राहिलेली. गिट कमिट करताना ही लॉक फाइल बनवतं, काम झालं की काढतं, मधेच जीव गेला तर ती राहते आणि पुढचा प्रत्येक कमिट म्हणतो की दुसरं कोणीतरी काम करतंय. कोणी नाहीये बाबा.

लॉक उडवली तर पुढचं लफडं. पान डिस्कवर नवीन होतं पण कमिट झालेलंच नव्हतं, म्हणजे वाचणाऱ्याला एक दिसतंय आणि हिस्टरीत दुसरंच. कोणी लिहिलं तेही गेलं. ही चूक लॉकची नाही, माझी आहे. सत्य एकाच ठिकाणी पाहिजे आणि मी ते दोन ठिकाणी ठेवलं होतं, फोल्डरमधे पण आणि गिटमधे पण.

१५ जून, शनिवार

सगळं पुन्हा लिहिलं. आता बेअर रेपो, म्हणजे बाहेर फाइलींचं फोल्डरच नाही, पान वाचायचं तरी थेट गिटमधून आणि लिहायचं तरी थेट गिटमधे. गिटच्या आतल्या ज्या बारक्या कमांड असतात, ज्या रोजच्या कामात कोणी वापरत नाही, त्याच इथे कामाच्या. हॅश-ऑब्जेक्टनी मजकूर आत टाकायचा, त्याचा हॅश मिळतो, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख क्रमांक. मग त्या एका सेव्हपुरता तात्पुरता इंडेक्स, म्हणजे पुढच्या कमिटची कच्ची यादी, बनवायचा, त्यात रीड-ट्रीनी सध्याचं झाड, म्हणजे सगळ्या फाइलींची रचना, भरायचं, अपडेट-इंडेक्सनी एवढं एक पान बदलायचं, राइट-ट्रीनी नवीन झाड, कमिट-ट्रीनी नवीन कमिट. आणि इथपर्यंत जगाला काहीच बदललेलं दिसत नाही! शेवटची एकच पायरी, अपडेट-रेफ, ती ब्रँचला, म्हणजे सगळ्यात ताजं कमिट दाखवणाऱ्या खुणेला, जुन्या कमिटवरून उचलून नवीनवर ठेवते.

आणि अपडेट-रेफला जुना हॅशही सांगता येतो. म्हणजे ब्रँच अजून तिथेच असेल तरच हलव, नाहीतर नको. हे वाचून मला एकदम बरं वाटलं. दोघांनी एकदम सेव्ह केलं तर एकाचं होतं, दुसऱ्याला नाही म्हणून उत्तर येतं, मग त्यानी नवीन कमिट बघून पुन्हा प्रयत्न करायचा. मधे लाइट गेली तर फार तर आत दोन चार अनाथ ऑब्जेक्ट पडून राहतील, गिटची साफसफाई (गिट जीसी) चालवली की पुढे ती जातात.

एक मात्र आहे, गिट सुटी ऑब्जेक्ट डिस्कवर पक्की उतरेपर्यंत थांबत नाही, स्पीडसाठी तसं ठरवलेलं आहे. त्यामुळे ब्रँच नवीन कमिटकडे बोट दाखवतीये आणि ती फाइल शून्य बाइटची, असं होऊ शकतं. २.३६ पासून कोअर डॉट एफसिंक नावाचं सेटिंग आहे, ते ऑल केलं. सेव्ह किंचित हळू झालं. आमच्याकडे दिवसाला मोजकीच एडिट होतात, चालेल.

मशीन नीट शटडाउन न करता स्विच खटकन बंद करून तीनदा ट्राय केलं. काकांनी हे बघितलं नाही हे बरं.

१६ जून, रविवार

आजचा अख्खा दिवस पानांच्या नावात गेला. स्टोरेज वगैरे ठीक आहे हो, खरं दुखणं इथे आहे.

सुरुवात साधी. पानांची यादी काढायला गिट एलएस-ट्री चालवलं तर नावांच्या जागी सगळे उलटे तिरके दांडे आणि आकडे. गिटला आस्कीबाहेरचं, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं, अक्षर दिसलं की ते बाइटचे ऑक्टल आकडे छापतं, म्हणजे एकट्या 'द'चं ३४०, २४४, २४६. कोअर डॉट कोटपाथ बंद केलं की सरळ दिसतं, पण स्क्रिप्टमधे त्याच्यावर विसंबू नये, झेड ऑप्शन द्यावा, मग नावं जशीच्या तशी येतात आणि मधे शून्य बाइट. हे दहा मिनिटांत सुटलं.

मग लांबी. लिनक्सवर ईएक्सटी४ मधे फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मधे ३ बाइट खातं, काना मात्रा हलन्त सगळे वेगळे धरून. डोकुविकी डीफॉल्टला फाइलचं नाव यूआरएलसारखं टक्क्यांत लिहितं, मग एका चिन्हाचे झाले ९. म्हणजे शेवटचं एक्स्टेन्शन सोडून २७ चिन्हं, संपलं. आता कळलं की 'राजगड संजीवनी माची पाण्याची टाकी' हे पान का नव्हतं आणि कोणीतरी वैतागून 'संजीवनी टाकी' का करून ठेवलं होतं. मोजलं मी, अंडरस्कोर आणि एक्स्टेन्शन धरून २६० होतात. अवघे पाच जास्त! सरळ यूटीएफ-८ नाव ठेवलं तर ९२. अकरा वर्षं त्या पानाला नीट नाव नव्हतं आणि आम्हाला वाटायचं की लिहिणाऱ्याचा आळस.

आणि मग खरा राक्षस. गडाच्या पानांवर सगळीकडे दऱ्या आणि पायऱ्या. आता 'दऱ्या' लिहायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही डोळ्याला एकसारख्या दिसतात. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडणारा, झीरो विड्थ जॉइनर, मग य. फोनच्या कीबोर्डवर अवलंबून काहीही येतं. गिटच्या दृष्टीनं ही दोन वेगळी नावं, एक १५ बाइट आणि एक १८, त्यामुळे शोधून बघितलं तर आमच्याकडे 'पायऱ्या' नावाची दोन पानं निघाली आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या लोकांनी वर्षानुवर्षं भर घातलेली. एका पानावरचे दुसऱ्यावर कधी गेलेच नाहीत.

मला वाटलं युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं तेच अक्षर एका ठरलेल्या रूपात आणणं, लावलं की मिटलं. त्यातला एनएफसी हा प्रकार केला तर र आणि खाली नुक्ता असं लिहिलेलं असेल तर त्याचा 'ऱ' होतो, बरोबर. पण जॉइनरवालं ते शिवत नाही. मग नेटवर सगळे करतात तेच केलं, न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकली. आणि 'दऱ्या'चं झालं 'दर्या'. सह्याद्रीतून थेट समुद्रात! शाळेतलं आचाऱ्यांना आणि आचार्यांना आठवलं, तेच. त्या न दिसणाऱ्या चिन्हावर अर्थ अवलंबून आहे, ते कचरा नाहीये. हे मराठी न येणाऱ्या कोणाला आपण होऊन सुचणं अवघड आहे, आणि मराठी येणाऱ्या मलाही टेस्ट फेल झाल्यावरच सुचलं.

शेवटी नियम असा. आधी एनएफसी. मग र, हलन्त, जॉइनर आणि पुढे य किंवा ह असेल तर तिथे ऱ आणि हलन्त. त्यानंतर उरलेले जॉइनर काढायचे. अजून एक, 'ॲ' हे एक चिन्ह आणि अ वर चंद्र देऊन केलेलं, ही दोनही दिसायला एक आणि एनएफसीला वेगळी, म्हणून तेही पहिल्यावर आणायचं. हे सगळं फक्त पानाच्या नावाला, आतल्या मजकुराला हात लावायचा नाही. माणसानी जे टाइप केलं ते तसंच राहील.

१८ जून, मंगळवार

छोटी गोष्ट. लॅपटॉपवरून बदललेलं पान विकीवर कोणी एक शब्द बदलून सेव्ह केलं की डिफमधे, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक दाखवतो तिथे, अख्खं पान लाल आणि अख्खं पान हिरवं. ब्राउझरमधला टेक्स्टचा डबा ओळीचा शेवट सीआर-एलएफ अशा दोन चिन्हांनी पाठवतो आणि लॅपटॉपवर नुसता एलएफ असतो, सगळे ब्राउझर, तसंच ठरलेलं आहे. सेव्ह करताना सीआर काढून टाकले. शेवटच्या ओळीनंतर एन्टर नसेल तर घालतो.

२३ जून, रविवार

काल आणि आज जुनी हिस्टरी आत घेतली. डोकुविकीचं जुनं सामान ॲटिक नावाच्या फोल्डरमधे असतं, म्हणजे आपला माळा, आणि खरंच माळ्यासारखंच आहे, प्रत्येक जुनी आवृत्ती जीझिप करून ठेवलेली, फाइलच्या नावात सेकंदातली वेळ. कोणी बदललं आणि काय शेरा दिला ते दुसरीकडे, प्रत्येक पानाच्या चेंजेस फाइलमधे टॅबनी तोडलेल्या ओळी. दोन्ही जुळवायचं.

इथे एक मूलभूत फरक आहे जो मला आधी नीट दिसलाच नव्हता. विकीत प्रत्येक पानाची हिस्टरी आपापली, चारशे वेगवेगळ्या वह्या. गिटमधे एकच वही, आणि प्रत्येक नोंद म्हणजे त्या क्षणीची अख्खी लायब्ररी. म्हणून सगळ्या पानांच्या सगळ्या आवृत्त्या, सातेक हजार, एकत्र करून वेळेप्रमाणे लावल्या आणि एकामागून एक गिटला दिल्या. गंमत अशी की त्यामुळे फुकटात काहीतरी मिळालं, म्हणजे २०१६ च्या एखाद्या दिवशी आपला अख्खा विकी कसा दिसायचा ते आता एका कमांडमधे बघता येतं. आधी हे शक्यच नव्हतं.

आत टाकायला गिट फास्ट-इम्पोर्ट. एकेक कमिट करत बसलो असतो तर या मशीनवर संध्याकाळ झाली असती, याला फक्त एक लांबलचक टेक्स्ट पाठवायचा, लेखक, वेळ, मजकुराची लांबी, मजकूर. पहिल्यांदा चालवलं, तिसऱ्या कमिटला मेलं. लांबी बाइटमधे द्यायची असते आणि मी पायथनमधे स्ट्रिंगची लांबी दिली होती, 'दऱ्या' म्हणजे ५. ते ५ बाइट वाचून थांबलं, अक्षराच्या मधोमध, आणि उरलेल्या मजकुराला कमांड समजायला लागलं. पहिली दोन पानं इंग्रजीत होती म्हणून ती गेली. याला म्हणतात टेस्ट डेटा इंग्रजीत ठेवायची शिक्षा.

टाइमझोन सगळीकडे +०५३०. आणि कमिटरची वेळसुद्धा जुनीच दिली, फक्त लेखकाची नाही, कारण अमुक तारखेच्या आधीचं दाखव म्हटलं की गिट कमिटरची वेळ बघतं. पहिल्या फेरीत हे चुकलं होतं, सगळी अकरा वर्षं काल झाल्यासारखी दिसत होती.

साइझ बघून थक्क झालो. माळा डिस्कवर ३० एमबीच्या वर होता, कारण फाइल कितीही छोटी असली तरी ४ केबीचा ब्लॉक जातोच आणि प्रत्येक आवृत्ती पूर्णच्या पूर्ण. गिटमधे रीपॅक केल्यावर, म्हणजे सगळं दाबून एकत्र बांधल्यावर, ४ एमबी. सारख्या आवृत्त्यांमधला फक्त फरक ठेवतं म्हणून. फोटो मात्र गिटमधे घातले नाहीत, ते बाहेरच, नाहीतर हे सगळं कौतुक एका पावसाळी ट्रेकमधे संपेल.

आणि काकांचं उत्तर! रेव्ह-लिस्टला पान आणि तारीख दिली की त्या तारखेच्या आधीची शेवटची आवृत्ती मिळते. २०२० ते २०२४, दर १५ मेचं देवटाक्याचं पान, एकाखाली एक. व्हॉट्सॲपवर पाठवलं. काकांचा रिप्लाय, अंगठा. बास.

३० जून, रविवार

पालखी पुण्यात. रस्ते बंद, कुठे जाता येत नाही, मामेभाऊ घरीच अडकलेला, त्याला बसवलं टेस्टिंगला. दोघांनी दोन फोनवरून एकच पान एकदम बदलायचं.

वेगळी वेगळी पानं असतील तर काहीच होत नाही, एक जण मागे पडतो, पुन्हा प्रयत्न, झालं. एकच पान असेल तर तीन आवृत्त्या घ्यायच्या, दोघांनी उघडलेली मूळ, त्याची, माझी, आणि दोन्ही बदल एकत्र करायला (मर्ज) गिट मर्ज-फाइलला द्यायच्या. कागदावर छान. पण आपली माणसं लिहितात कशी, तर एक परिच्छेद म्हणजे एक सलग ओळ, एन्टर कोणी मारतच नाही. गिट ओळीनुसार बघतं. मी परिच्छेदाच्या सुरुवातीला बसची वेळ बदलली, त्यानी शेवटी टाक्याचं लिहिलं, दोघांचा काडीचा संबंध नाही, तरी कॉन्फ्लिक्ट, म्हणजे कोणाचं ठेवायचं ते गिटला ठरवता येईना.

म्हणून मर्जच्या आधी प्रत्येक पूर्णविरामानंतर तात्पुरती ओळ तोडायची, तोडल्याची खूण ठेवायची, मर्ज करायचं, आणि खुणा बघून परत जोडायचं. 'कि.मी.' आणि 'डॉ.'वर पण तुटतं, तुटू दे, परत जोडायचंच आहे. लागून असलेली दोन वाक्यं दोघांनी बदलली तर अजूनही कॉन्फ्लिक्ट येतो आणि तो यावाच, तिथे माणसानीच बघायला हवं. फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी गिट घालतं त्या बाणांच्या खुणा कोणाला दाखवायच्या नाहीत. दोन डबे शेजारी, तुझं आणि त्याचं, खाली एक रिकामा. मामेभाऊ म्हणाला हे तरी कळतंय.

डिफ पण आजच नीट केला. आधी अक्षराअक्षरानी फरक दाखवत होतो तर एकट्या वेलांट्या तुटक्या गोलावर लटकलेल्या दिसायच्या, भुतासारख्या. शब्दाशब्दानी केलं.

७ जुलै, रविवार

नाव बदलण्याचा विषय. 'संजीवनी टाकी'ला आता त्याचं पूर्ण नाव द्यायचं. गिट नाव बदललं असं कुठेच लिहून ठेवत नाही, ते नंतर बघताना अंदाज करतं, की एक फाइल गेली, एक आली, निम्म्याच्या वर सारखी आहेत, म्हणजे तीच असणार. आमची नवीन पानं सगळी एका साच्यातून निघतात, तेच मथळे, तोच तक्ता. लॅपटॉपवर मी एका कमिटमधे एक रिकामं पान काढलं आणि दुसऱ्या गडाचं नवीन टाकलं तर गिट म्हणालं नाव बदललं. घ्या, तोरण्याचा वंश राजगडाला जोडला.

अंदाजावर नको. नाव बदलताना कमिटच्या मेसेजमधे खाली एक ठरलेली ओळ, जुनं नाव काय होतं. हिस्टरीचं पान तिथे पोचलं की पुढे जुन्या नावानी शोधतं. दोन 'पायऱ्या' पण याच पद्धतीनी एकत्र केल्या, मजकूर मात्र हातानी, रात्री दीडपर्यंत.

एका पानाची हिस्टरी काढायला गिटला सगळे कमिट चाळावे लागतात कारण वही एकच. या मशीनवर ते जाणवतं. कमिट-ग्राफ, म्हणजे गिटनी शोधायला सोपं जावं म्हणून केलेली सूची, बनवताना चेंज्ड-पाथ्सचा ऑप्शन दिला, २.२७ पासून आहे, आता बरं आहे.

११ जुलै, गुरुवार

काकांचा फोन. गडाखालच्या गावातले मामा, ज्यांच्याकडे आपण जेवतो, त्यांचा मोबाइल नंबर पानावर आहे, त्यांना आता रात्री अपरात्री कोणाचेही फोन येतात, त्यांनी सांगितलंय काढा. काढून टाक रे.

पानावरून काढणं एक मिनिट. पण हिस्टरीत आहे, २०१७ पासून प्रत्येक आवृत्तीत. जुन्या विकीत माळ्यावरच्या तेवढ्या फाइली दुरुस्त केल्या असत्या की झालं असतं. गिटमधे प्रत्येक कमिटचा हॅश त्याच्या आधीच्यावर अवलंबून, त्यामुळे २०१७ मधला एक आकडा बदलला की तिथून आजपर्यंतचे सगळे हॅश बदलतात. फिल्टर-रेपो नावाचं टूल आहे, ते करून देतं, पण ज्याच्या ज्याच्या लॅपटॉपवर क्लोन, म्हणजे रेपोची पूर्ण प्रत, आहे तिथे जुनं तसंच राहतं, आणि त्यातलं कोणी चुकून परत पुश केलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलं, की नंबर वरात काढून परत हजर. ज्या गुणासाठी गिट घेतलं तोच इथे आडवा येतोय. कोणाला विसरा असं म्हणायचा हक्क असतो आणि याला विसरताच येत नाही.

नशीब एवढंच की अजून लाइव्ह गेलेलो नाही, क्लोन फक्त माझ्याकडे. इम्पोर्टच्या स्क्रिप्टमधे दहा आकडी नंबर दिसला की तिथे खूण ठेवायची आणि नंबर बाजूला काढायचा असं घातलं, सगळं पुसून परत चालवलं. नंबर आता एका छोट्या एसक्युलाइट (डेटाबेस) फाइलमधे, गिटच्या बाहेर, फक्त लॉगिन केल्यावर दिसतात, आणि काढला की खरोखर गेला. देवनागरी आकड्यांत लिहिलेले नंबर पहिल्या फेरीत सुटले होते. तेही काढले.

१४ जुलै, रविवार

लॅपटॉपवरून पुश करायची सोय. ट्रेकवरून येताना गाडीत लिहून घरी आल्यावर पुश. पुश आत यायच्या आधी प्री-रिसीव्ह हुक नावाची छोटी स्क्रिप्ट बघते की नाव नियमात आहे का, मजकूर यूटीएफ-८ आहे का, सीआर नाही ना, मोबाइल नंबर नाही ना. यातलं काही चुकलं तर पुश परत, आणि कारण मराठीत.

दीड तास वाया गेला तो वेगळ्याच गोष्टीत. रेपो वेब सर्व्हरच्या युझरचा, मी एसएसएचनी (लांबून लॉगिन) माझ्या युझरनी, गिट म्हणतं मालकीचा संशय आहे. २०२२ च्या एका सुरक्षा दुरुस्तीपासून ते असं अडवतं. सेफ डॉट डिरेक्टरीमधे नाव घातलं, ग्रुप परमिशन दिली.

२० जुलै, शनिवार

लाइव्ह. दुपारी चार वाजता जुना विकी फक्त वाचण्यापुरता केला, उरलेल्या आवृत्त्या घेतल्या, पत्ता नवीनकडे वळवला. पहिलं एडिट वहिनींचं, एका वाटेवर जळवा आहेत म्हणून. कोणालाच काही फरक कळला नाही. मी मात्र दर पाच मिनिटांनी लॉग बघत होतो.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळला. खडकवासल्यातून पाणी सोडलं, पहाटे सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरल्याचे व्हिडिओ फिरायला लागले. काकांना फोन लावला, ते ऑफिसातच, गुडघाभर पाण्यात. म्हटलं काका मशीन राहू दे, तुम्ही आधी वर जा. लाइट रात्रीच गेलेली, मशीन बंदच होतं, टेबलखाली. टेबलखालीच.

माझ्याकडे काल रात्री दहाचा मिरर क्लोन होता. आठ वाजता एका भाड्याच्या सर्व्हरवर तो पुश केला, विकीचा कोड टाकला, साडेनऊला विकी उभा. सात हजार आवृत्त्या, दहानंतरचं एक एडिट सोडून सगळं. ते एडिट माझंच होतं. लोक एकमेकांना कुठला रस्ता बंद आहे ते त्याच्यावर लिहायला लागले, गडांचा विकी असून.

मग लक्षात आलं. नंबरची ती एसक्युलाइट फाइल. गिटमधे नको म्हणून मुद्दाम बाहेर ठेवली आणि तिचा बॅकअप कुठेच नाही.

२८ जुलै, रविवार

मशीन उघडलं, आत गाळ. डिस्क काढून धुऊन वाळत ठेवलीये पण मला आशा नाही. इम्पोर्टची स्क्रिप्ट जुन्या विकीच्या फोल्डरवर चालायची आणि तो पण त्याच डिस्कवर, तो मार्गही बंद.

काकांकडे ट्रेकची डायरी आहे, ती वरच्या मजल्यावर घरात होती. आज दुपारी त्यांनी फोनवर एकेक नंबर वाचून दाखवला, मी टाइप केले, सत्तावन्न झाले. चार ठिकाणी काका म्हणाले हा आता नको, याला विचारून मग घाल. ते वगळले. फाइलचा बॅकअप आजपासून रोज रात्री, पासवर्ड लावून, वेगळ्या ठिकाणी, आणि तीस दिवसांच्या आधीचे बॅकअप आपोआप डिलीट. ठरल्या वेळी काम चालवणारा क्रॉन लावला, उद्या सकाळी चाललाय का बघायचं.